नववा भाग

एखादी स्वतंत्र कादंबरी फसली तर वाचक ती मिटून बाजूला ठेवतो आणि चार दिवसांत विसरून जातो. मालिकेचे तसे होत नाही. रहस्यकथांच्या मालिकेतील एखादा पुढचा भाग फसला, की घरातल्या माणसाने शब्द मोडावा तसे वाचकाच्या मनाला लागते. आठ भागांत ज्याची चाल, ज्याचा खोकला, ज्याचे काडी विझवून ती खिशात ठेवणे आपल्या ओळखीचे झालेले असते, तो गुप्तहेर नवव्या भागात आपल्याला ओळख दाखवत नाही. नाव तेच, टोपी तीच, बोलणे मात्र परक्याचे. या अपेक्षाभंगाची दाद मागण्यास जागाही नाही. समीक्षेच्या दरबारात रहस्यकथेलाच मुळी ओटीवर बसवून ठेवतात. मग तिच्या वाचकाची फिर्याद आत कोण नेणार?

आमचे बालपण सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, श्रीपूर येथे गेले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना तेथे उभा राहिला आणि त्याच्याभोवती वस्ती वाढली. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी, त्या पाण्यावरचा ऊस, हंगामात रात्रंदिवस गव्हाणीपुढे लागलेली बैलगाड्यांची रांग, हवेत मळीचा आंबूस वास आणि पाळी बदलल्याची वर्दी देणारा भोंगा, एवढ्यात आमचे जग सामावलेले होते. आमचे वडील कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाची तपासणी करीत. वस्तीतल्या बहुतेकांचे वाचन वर्तमानपत्र आणि पंचांग यांच्यापुढे जात नसे. परंतु रहस्यकथा मात्र सर्वांना हवी असे. कोणी पंढरपूरला गेला, कोणी बार्शी लाइटच्या त्या इवल्याशा गाडीने कुर्डुवाडीपर्यंत जाऊन आला, की परत येताना पिशवीत भाजीबरोबर एखादे पातळ, भडक मुखपृष्ठाचे पुस्तक असायचेच. ते आधी वर्तमानपत्राच्या कव्हरात जाई आणि मग पाळीप्रमाणे फिरे. दिवसपाळीच्या माणसाने रात्री वाचावे, रातपाळीच्याने दिवसा. आमच्या हाती ते येई तोवर त्याची पाने तेलकट बोटांनी पारदर्शक झालेली असत.

अशाच एका मालिकेने आम्हां भावंडांना १९७० च्या आसपास वेड लावले होते. तिचे आणि तिच्या लेखकाचे नाव येथे लिहीत नाही. लेखक आता हयात नाहीत, आणि जो उठून उत्तर देऊ शकत नाही त्याच्यावर नावानिशी फिर्याद करणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. तिचे आठ भाग आम्ही वाचले नव्हते, ते आम्ही जगलो होतो. तिसऱ्या भागात नायकाच्या डाव्या हाताला सुऱ्याचा वार बसला होता. पुढे प्रत्येक संकटाच्या आधी तो व्रण ठणकत असे. त्याचा सहायक अनाथालयात वाढलेला होता आणि आपल्याला कोणी नाही याचा उल्लेख तो इतक्या सहजपणे करी, की आमच्या आईच्या डोळ्यांत पाणी येई.

मग नववा भाग आला. त्यात व्रण उजव्या हाताला गेला होता. अनाथ सहायकाला रत्नागिरीहून आईची पत्रे येत होती. खुनी कोण हे विसाव्या पानावर आमच्या धाकट्या बहिणीने सांगितले, आणि ती तेव्हा चौथीत होती. 'काय?', 'होय.', 'काय सांगतोस?', 'खरेच सांगतो.' अशा संवादांनी पानेच्या पाने भरलेली. शेवटी नायकाने काही ओळखलेच नाही. पोलिसांची जीप योगायोगाने त्या रस्त्याने आली आणि कथा संपली. कारखान्याच्या वस्तीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे, लेखक आजारी असावेत. कोणी म्हणे, हे दुसऱ्याच कोणाकडून लिहवून घेतले आहे. बॉयलरवरच्या एका जाणत्या वाचकाने प्रकाशकाच्या घाईला दोष दिला आणि पुस्तक इतक्या जोरात परत केले, की कव्हर फाटले.

आम्ही पोस्टकार्ड लिहिले. भाषा अर्थातच त्या वयाची, म्हणजे निर्दय होती. 'आपण आपल्याच नायकाला ओळखत नाही' असे एक वाक्य त्यात होते आणि त्याचा आम्हांला मोठा अभिमान वाटत होता. वडिलांनी ते वाचले आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाठव. पण आधी मला सांग, मार्चमध्ये आमचा उतारा का पडतो?"

साखरेच्या गावातल्या मुलांना हे ठाऊक असते. थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारी, उसात साखर भरते आणि उतारा चढतो. उन्हे तापू लागली की तो घसरतो. तोडलेला ऊस दिवसभर उन्हात पडून राहिला तर आणखी घसरतो. कारखाना मात्र तेवढ्यावरून बंद करता येत नाही. शेतकऱ्याचा ऊस शेतात उभा असतो आणि तो गाळण्याचा शब्द दिलेला असतो. "शेवटच्या पंधरवड्यातल्या साखरेला कोणी वाईट म्हणत नाही," वडील म्हणाले, "पण तीच साखर काढायला ऊस जास्त लागतो, आणि आम्हांला ते आकड्यांत दिसते. त्या लेखकाला आकडा कोण दाखवणार? तू दाखव." आणि पोस्टकार्डाच्या कडेला उरलेल्या जागेत त्यांनी स्वतःच्या बारीक अक्षरात एक ओळ घातली: तिसऱ्या भागाप्रमाणे व्रण डाव्या हातास आहे, कृपया पाहावे. पुस्तकाच्या त्या पानावरही त्यांनी पेन्सिलीने 'उजवा' खोडून 'डावा' केले.

उत्तर आले नाही. दहावा भाग मात्र आला, आणि त्यात नायकाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेला होता.

हे दुःख श्रीपूरच्या वस्तीपुरते नाही, हे आम्हांला पुढे महाविद्यालयात गेल्यावर कळले. सर आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ च्या डिसेंबरात शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधील रायखेनबाखच्या धबधब्यात ढकलून दिले, कारण त्यांना त्याचा कंटाळा आला होता आणि ऐतिहासिक कादंबऱ्या लिहावयाच्या होत्या. वाचक खवळले; 'स्ट्रँड' मासिकाच्या हजारो वर्गणीदारांनी वर्गणी बंद केल्याची कथा आजही सांगितली जाते. दहा वर्षांनी, १९०३ साली, डॉयलना त्याला जिवंत करून परत आणावे लागले. सगळे आनंदले. परंतु डॉयल यांनीच आपल्या आठवणींत एका कॉर्निश नावाड्याचे बोलणे नोंदवून ठेवले आहे. त्या नावाड्याचे म्हणणे असे, की साहेब, तो कड्यावरून पडला तेव्हा मेला नसेल, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहिला नाही. जगातल्या साऱ्या निराश मालिकावाचकांचे गाऱ्हाणे त्या नावाड्याने दोन वाक्यांत मांडले, आणि लेखकाने ते लपवले नाही. याबद्दल डॉयलविषयी आमच्या मनात फार आदर आहे. १९२७ साली निघालेल्या होम्सच्या शेवटच्या संग्रहातील काही कथा वाचताना नावाड्याचे म्हणणे पटते. 'मॅझरिन स्टोन' ही कथा तर मुळात रंगभूमीसाठी लिहिलेल्या प्रवेशावरून बेतलेली. तीत वॉटसन निवेदक नाही आणि होम्स दिसतो तो रंगपटात उभ्या केलेल्या बाहुल्यासारखा.

या नावाड्याच्या शंकेला विद्वत्तेचा अंगरखा चढवला तो रोनल्ड नॉक्स यांनी. पुढे हे कॅथलिक धर्मगुरू झाले आणि त्यांनी एकट्याने बायबलचे इंग्रजी भाषांतर केले, ते या पानांच्या वाचकांना परिचित असेल. १९११ साली ते ऑक्सफर्डमध्ये होते आणि अजून अँग्लिकनच होते. त्या काळी बायबलचे चिकित्सक एकेका ग्रंथाचे दोन-दोन, तीन-तीन लेखक शोधून काढीत. नॉक्स यांनी तीच पद्धत, तोच गंभीर चेहरा ठेवून होम्सकथांना लावली: आधीच्या कथा अस्सल वॉटसनच्या आणि पुनरागमनानंतरच्या कोणा दुसऱ्याच्या किंवा कल्पित, असा वाद त्यांनी रचला. विनोद चिकित्सकांवर होता. परंतु तो विनोद उभा राहिला तो वाचकाच्या खऱ्या दुःखाच्या पायावर. परतलेला होम्स तोच नाही, हे सर्वांना जाणवत होते म्हणूनच तो जमला. याच नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. गुप्तहेराने स्वतः गुन्हा करू नये, एकाहून अधिक गुप्त खोल्या नसाव्यात, दैवी चमत्काराने उकल होऊ नये, वगैरे. मालिका कोणत्या भागावर थांबवावी, याविषयी त्या दहांत एकही नियम नाही.

आता थोडे व्रणाविषयी. वॉटसनला अफगाण युद्धात गोळी लागली ती १८८७ च्या पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे. १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत जखम पायात उतरली आहे. पुढे एका कथेत त्याची बायको जॉन वॉटसनला 'जेम्स' म्हणून हाक मारते. म्हणजे डॉयल यांच्याही नायकांच्या जखमा फिरत होत्या, आणि त्यादेखील उत्तम दिवसांत. पण तेथे वाचकांनी पोस्टकार्डे लिहिली नाहीत; त्यांनी खुलासे शोधले. वॉटसनच्या नावातील 'एच' म्हणजे 'हेमिश' आणि हेमिश म्हणजे स्कॉटलंडमधील जेम्सच, असा शोध खुद्द डोरोथी सेयर्स यांनी लावला. कथा चांगली असली की वाचक चुकीचा वकील होतो, आणि कथा फसली की तीच चूक पुरावा म्हणून न्यायालयात येते. आमचे वडील बहुधा या दोहोंच्या मधले होते. त्यांनी वकिलीही केली नाही आणि फिर्यादही नाही. पेन्सिलीने दुरुस्ती केली.

मराठीत या प्रश्नाचे परिमाणच वेगळे. बाबुराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी १९०६ ते १९९६ या आयुष्यात हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. काळा पहाड, झुंजार, छोटूसह वावरणारा धनंजय, ही नावे ऐकली की एका पिढीचे चेहरे अजूनही उजळतात. हजार हा आकडा बोलायला सोपा आहे. पन्नास वर्षे खंड न पाडता लिहिले असे धरले, तरी महिन्याला दीडाहून अधिक पुस्तके होतात. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईकांनीही हजाराची मजल ओलांडली. त्यांचा कॅप्टन दीप आमच्या धाकट्या भावाचे दैवत होते. इतक्या पुस्तकांतील अमुक एक चांगले आणि तमुक एक उतरते, अशी तक्रार करताना तक्रारदाराने आधी हे गणित करावे. हा वेग लेखकांनी हौसेने धरला नव्हता. वाचनालयाच्या दारात दर आठवड्याला 'नवीन काय आले?' असे विचारणारे आम्हीच होतो. शेतात उभा असलेला ऊस आमचा होता.

यातून बाहेर पडणारेही होते. सुहास शिरवळकर यांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास, मंदार पटवर्धन असे नायक घडवले, वाचकांची मोठी फौज मिळवली आणि सामाजिक कादंबरीकडेही मोर्चा वळवला. 'दुनियादारी' १९८२ ची. रहस्यकथेचे काही वाचक त्या वेळी नाराज झालेले आम्ही पाहिले आहेत. आमच्या मते तो निर्णय शहाणपणाचा होता, आणि काळानेही तसेच म्हटलेले दिसते. बंगालीतील शरदिंदु बंद्योपाध्याय यांची गोष्ट याहून मौजेची. १९३२ साली त्यांनी ब्योमकेश बक्षी निर्माण केला, चार-पाच वर्षांत पुरे म्हणून थांबवला, १९३८ साली चित्रपटांच्या कामासाठी मुंबईस आले, आणि वाचक विसरत नाहीत असे पाहून १९५१ च्या सुमारास ब्योमकेशला पुन्हा बाहेर काढले. १९५२ पासून ते पुण्यात स्थायिक झाले. कलकत्त्याच्या त्या सत्यान्वेषीच्या नंतरच्या बऱ्याच कथा आपल्या पुण्यात लिहिल्या गेल्या. परतलेला ब्योमकेश उतरला नाही. मधल्या काळात लेखकाचे शेत पडीक राहिले होते, ते कसदार झाले असावे. १९७० साली शरदिंदु गेले तेव्हा शेवटची ब्योमकेशकथा अर्धीच राहिली होती.

ॲगाथा ख्रिस्ती यांच्याविषयी लिहिताना मात्र आमचा हात जड होतो. १९७२ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' हे पुस्तक आले. त्यात पोयरो आहे, पण गोष्ट घोटाळते; माणसांची वये आणि घटनांची वर्षे जुळत नाहीत, तेच ते पुन्हा बोलले जाते. पोयरोचे भक्त हिरमुसले. लेखिकेने पोयरोचा शेवट सांगणारी कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच, लेखणीच्या भरात असताना लिहून तिजोरीत ठेवली होती; ती १९७५ साली प्रसिद्ध झाली, आणि पोयरोच्या निधनाची वार्ता 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर छापली. वाचकांना वाटले, शेवटी बाई सावरल्या. प्रत्यक्षात ते पुस्तक तीसहून अधिक वर्षे जुने होते. २००९ साली टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी त्यांच्या कादंबऱ्यांतील शब्द संगणकाने मोजले. १९७२ च्या त्या पुस्तकात वेगवेगळ्या शब्दांची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटलेली आढळली. मोघम शब्द आणि पुनरुक्ती वाढलेली. लेखिकेला स्मृतिभ्रंश जडला असावा, असे त्यांचे अनुमान आहे. निदान कोणी केलेले नव्हते, म्हणून ते अनुमानच मानावे. पण त्या पुस्तकाचा विषयच आठवण हा आहे. जुनी हकिकत कोणाला आठवते, याचा शोध घेत एक वयस्क रहस्यलेखिका दारोदार हिंडते. वाचकांना जो भाग कच्चा वाटला, तो लिहिणारी बाई कदाचित घरातले दिवे एकेक करून विझताना पाहत होती आणि तरीही लिहीत होती.

आम्हांला हे वर्तमानपत्रात वाचावयास मिळाले त्या सुमारास वडिलांचे तसेच चालले होते. प्रयोगशाळेतील आकडे दशांशापर्यंत पाठ असणारा तो माणूस सकाळी चहा घेतला की नाही हे विसरू लागला. आधी वस्तू हरवल्या, मग वार, मग नावे. नातवंडांना ते आदराने 'आपण कोणाकडचे?' असे विचारीत. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, ओळखीचे काही वाचून दाखवा. प्रार्थनेचे शब्द त्यांना शेवटपर्यंत येत होते. ते आम्ही रोज म्हणत असू. त्यानंतर वेळ उरे. तेव्हा आमच्या बहिणीने, त्याच चौथीतल्या, पत्र्याच्या पेटीतून ती मालिका काढली.

पहिले आठ भाग ते डोळे मिटून ऐकत. आवडते की नाही, कळते की नाही, काही समजत नसे. मध्येच हात वर करून थांबवीत आणि 'हं, पुढे' म्हणत, एवढेच. नववा भाग वाचू नये असे आमचे मत होते. बहीण म्हणाली, क्रम मोडायचा नाही, त्यांना क्रम लागतो. तिने वाचायला घेतला. पेन्सिलीची दुरुस्ती इतक्या वर्षांत पुसट झाली होती आणि संध्याकाळच्या उजेडात तिला छापील शब्दच दिसला. तिने 'उजवा हात' असे वाचले.

"डावा," वडील म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

ती थांबली. तिने पान खिडकीकडे नेऊन पाहिले आणि ते वाक्य पुन्हा, 'डावा' असे वाचले. त्यांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी तिला नावाने हाक मारली नाही, आणि पुढेही नाही.

तो नववा भाग आमच्याकडे आहे. मधल्या एका पावसाळ्यात पेटीत पाणी शिरले आणि त्याची शेवटची आठ पाने एकमेकांना चिकटून गेली. ती सोडवू गेल्यास फाटतात, म्हणून तशीच ठेवली आहेत. जीप आली एवढे पक्के आठवते. ती येण्याआधी काय झाले, यावर आम्हां भावंडांचे आजही एकमत नाही.